काकांनी लावून पाहिलं का?

सातपूरला काकांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आम्ही सगळे सॉफ्टवेअरला जोडायचे प्लगइन त्यांच्याकडूनच तपासून घेतो. बनवणारा म्हणतो चालतं, विकणाराही म्हणतो चालतं. पण बिघडलं तर लग्न काही परत लागत नाही. म्हणून आम्ही एकमेकांना एवढंच विचारतो, "काकांनी लावून पाहिलं का?"

काका कोणतंही प्लगइन आधी एकाच व्हिडिओवर लावतात. तो त्यांच्याच हळदीचा, जुन्या कॅसेटवरून उतरवलेला. त्यात काकू हसत बसलेल्या असतात. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. चष्मा कपाळावर सरकवून काका पडद्याला नाक लागेल इतके वाकतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "परक्याच्या चेहऱ्यात बिघाड दिसत नाय रे."

मागच्या सीझनला चेहरा उजळवणाऱ्या एका प्लगइनसाठी मी त्यांच्या मागेच लागलो. गिऱ्हाईकं तेच मागत होती.

"काका, मशीन अडकत नाही, मग अजून काय तपासायचं?"

त्यांनी प्लगइन लावलं. काकू गोऱ्यापान झाल्या. हळद फिकी पडली, गाल गुळगुळीत झाले आणि हनुवटीवरचा तीळ पुसला गेला. काका चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे वाकले.

"चालतंय की," ते हळूच म्हणाले. "पण ही कोण बाई?"