शहापूरच्या बाजारातली ओली पुस्तकं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. काय? आत्तापासूनच हसताय!

लढाईचे दिवस होते. मी शहापूरला लाकडाच्या वखारीत कारकून. हात ओंडक्यांची मापं लिहायचे, जीव मात्र सगळा पुस्तकांत. कल्याणचा एक म्हातारा अधूनमधून रविवारच्या बाजाराला जुनी पुस्तकं घेऊन यायचा आणि नदीकाठी सतरंजी पसरायचा. तो येणार असं कळलं की मला आदल्या दिवशी जेवण जात नसे!

त्या रविवारी गेलो, तर काठावर भर उन्हात दोन धोतरांवर पुस्तकंच पुस्तकं! म्हातारा दिसेना. म्हटलं, गेला असेल चहाला. मी बैठक मारली. पानं ओलसर लागली, पण जुना माल, चालायचंच!

तेवढ्यात एक गडी शेजारी उकिडवा बसला. धसईचा, काकड्या विकायला आलेला. त्याने एक पुस्तक उचललं आणि ओरडलाच, "आरं, ह्यो तर आपला राजपुत्र!"

"तुमचा?"

"आमच्याकडं हेच पुस्तक हाय, पन शेवटची पानं नाय. मी ओटीवर वाचून दाखवतो ना सगल्यांना. राजपुत्र गुहेत शिरला नि कागूदच सरला! तीन वरसं झाली, गडी अजून आतच. म्हातारी मानसं इचारतात, पोरगा जेवला असंल का रे?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला 'दुकानदार येऊ दे' कसं म्हणायचं?

"घेऊन जा," मी म्हणालो. "दुकानदार आपल्या ओळखीचा आहे."

"पन पैसं नाय. काकड्या चालतील?"

"चालतील की!"

झालं! हे पाहून माणसं जमली. सुकट विकणारी एक बाई म्हणाली, "माजी पोर चवथीत हाय, तिच्याजोगं काय हाय का वो?" दिलं. तिने सुकटीची पुडी ठेवली. किन्हवलीच्या शिंप्याला एका जाड कादंबरीची गोष्ट मी अशी रंगवून सांगितली, की त्याने नवी बंडी काढून दिली. एकाने तर जिवंत कोंबडी! प्रत्येकाला मी नाव विचारतोय, गाव विचारतोय, तुला काय वाचायला आवडतं ते विचारतोय. आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता! दुपारपर्यंत दोन्ही धोतरं मोकळी.

इतक्यात नदीकडून पंचा नेसलेले एक गृहस्थ आले. "माझी पुस्तकं कुठायत?"

"कल्याणच्या आजोबांनी पाठवलं का तुम्हाला? काळजी नको, सगळी खपवली! ही घ्या तुमची कोंबडी."

त्यांनी दोन्ही मोकळी धोतरं उचलून झटकून पाहिली.

"अहो, मी शेणव्याच्या शाळेतला गुरुजी! वाचनालय काढतोय गावात. आसनगाव स्टेशनातून पुस्तकं घेऊन निघालो, तर बैलगाडी नदीत कलंडली. गाडी बाहेर काढेपर्यंत वाळत घातली होती हो मी! विकायला नव्हती!"

माझ्या हातून कोंबडी सुटली. ती धरायलाही कोणी धावलं नाही.

नावं-गावं विचारलेली होती, तेवढंच नशीब. सुट्टी काढली आणि गावोगाव हिंडून पुस्तकं गोळा करत सुटलो. धसईत काकडीवाल्याने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावली होती, गुहा अजून यायची होती; अख्खी आळी आडवी आली. "राजपुत्र भायेर काढा, मग पुस्तक न्या!" बसलो ओटीवर, वाचलं सगळं. तो बाहेर आला तेव्हा एका आजीने माझ्यावरूनच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

किन्हवलीला शिंप्याने कादंबरी मुकाट दिली. पण फळीवर तसल्याच पुठ्ठ्याचं आणखी एक पुस्तक होतं. "आणि ते?"

"ते माजं हाय वो."

"सगळे असंच म्हणतात!" म्हणालो आणि उचललं.

शेणव्याला गुरुजींनी यादी काढून एकेक खूण केली. त्यांचा चेहरा उजळला. "सगळी आली हो! आणि... एक जास्त?"

मागून आवाज आला, "ह्योच तो!" दारात शिंपी उभा. सोबत पोलीस पाटील!

गुरुजींनी हात जोडले. "पाटील, सोडा त्यांना. मनाने चांगले आहेत. फक्त पुस्तकांजवळ एकटं ठेवायचं नाही."

पुढे वाचनालय छान चाललं. धसईहूनही माणसं यायची. मलाही त्यांनी सभासद करून घेतलं बरं का! पुस्तक मिळायचं. फक्त बायकोच्या सहीवर.