श्वसनाच्या धड्यावर आत्या

भाऊ बारावीला असताना जीवशास्त्राची उत्तरं स्वतःच्या आवाजात टेप करायचा आणि जेवताना ऐकत बसायचा. लातुरात तेव्हा क्लासेसचं वारं होतं. आमच्या गल्लीत खोलीखोलीतून पोरं पुटपुटत असायची. मी दहावीला. आईवडील अहमदपूरला, आणि आमच्या भाकरीला आत्या. भूकंपात तिचं घर पडलेलं. मामा, म्हणजे तिचे यजमान, म्हशीपायी गावाकडं पत्र्याच्या शेडमध्येच राहिले होते. वडिलांनी आत्याला तेवढं आमच्याकडं आणून ठेवलं.

परीक्षेच्या तोंडावर भावानं श्वसनाची कॅसेट लावली, तर नुसती खरखर. त्यानं टेप बंद केला आणि आळ माझ्यावर घेतला. पुढं तो डॉक्टर होऊन नांदेडला राहिला, तरी घरात काही हरवलं की म्हणायचा, "हिला विचारा, श्वसन हिनंच खाल्लं."

मागच्या उन्हाळ्यात माळा आवरताना त्या कॅसेटी हाती लागल्या. म्हटलं, खराब होण्याआधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता. कॅसेटमधला भाऊ हंबरल्यासारखा बोलायला लागला. पट्टा बदलून आणला, वायर जोडली. या कामात घाई चालत नाही, कॅसेट जेवढी तेवढा वेळ वाजवावीच लागते. म्हणून श्वसनाची खरखरही चालू ठेवून मी शेंगा फोडत बसले.

बऱ्याच वेळानं कुणीतरी खाकरलं.

"अवं, ऐकताव का? मी बोलायले, लातूरहून. म्हशीला टायमावर पानी दावा. भाकरी जमाय लागली का? आन् नवं घर बांधताल तवा चुलीम्होरं खिडकी ठिवा. मला उजेड पायजे."

आत्या! माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. भावाला फोनवर ऐकवलं, तर तो खो खो हसत सुटला. "सुटलीस बाई तू," म्हणाला.

रविवारी मी मोबाइल घेऊन आत्याच्या गावी गेले. आत्या आणि मामा ओसरीत बसले होते. आवाज सुरू झाला तशी आत्यानं पदर तोंडाला लावला.

"मामांना धाडायची हुती," ती म्हणाली. "तांबडं बटन दाबलं, पर काय बोलावं सुचंना. बोलले, तर कॅसेट भाईर काढता येईना. कुणाला इचारावं? लाज वाटली."

"आणि मला बोलणी बसली तेव्हा?"

"तवा मी भाकरी थापत हुते. मान वर केली न्हाई."

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत. कान मोबाइलला लावून ते एकेका प्रश्नाला उत्तर देत होते.

"पानी दावलं की. दोन टाइम."

"भाकरी?" आत्यानं विचारलं.

"न्हाई जमली. कच्चीच खाल्ली."

"आन् खिडकी?"

मामांनी घराकडं हात केला. चुलीसमोर चांगली मोठी खिडकी होती. "तू न सांगताच ठिवली. उजेडाबिगर तू कशी रांधशील?"

आत्या उठली. चहा टाकते म्हणून आत गेली.

मामा माझ्याकडं सरकले. "पुन्यांदा लाव," हळूच म्हणाले, "आन् माज्या मोबाइलात टाकून दे."