काळू नदीच्या अलीकडेच मौन मोडलं

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका असतील, त्या तुम्ही सांभाळून घ्या. देवाबद्दल गोड गोड लिहायला मला जमत नाही. हे घडलं तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो, आणि खरं सांगायचं तर थोडा अजून आहे.

तीन वर्षांपूर्वी मला झटका आला. हात-पाय शाबूत राहिले, वाचा तेवढी गेली. अठरा दिवस तोंडातून नुसती गुरगुर. त्या दिवसांत माझ्या बायकोनं, सुमननं, परस्पर नवस बोलला. तिच्या माहेरी, मुरबाडच्या बाजूला, काळू नदीच्या काठी महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. त्याला म्हणाली, यांना बोलतं कर, हे विठ्ठलवाडीहून तुझ्याकडे सायकलनं येतील, आणि घर सोडल्यापासून तुझ्या पिंडीवर पाणी घालेपर्यंत चकार शब्द काढणार नाहीत. एकोणिसाव्या दिवशी मी बोललो. पहिलं वाक्य, "चहात एवढी साखर कोणी घातली?" नवसाचं कळल्यावर तिच्यावरच ओरडलो, "वाचा मागायची आणि परत तोंड बंद ठेवायचं? हा कुठला शहाणपणा?" ती हसली. म्हणाली, "अहो, तेवढाच एक दिवस मला शांतता." आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत मी दोन वर्षं काढली. गेल्या वैशाखात ती गेली. हार्ट अटॅक. भांडी घासता घासता खाली बसली ती उठलीच नाही.

नवस तिनं बोललेला, राहिला माझ्यामुळे. चाळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या की बोललेला नवस राहिला तर जीव अडकून पडतो. मी असलं मानत नाही, पण डोक्यातून जाईना. मुलगा ठाण्यात, बाळकुमला मोठ्या सोसायटीत राहतो. तो म्हणाला, "बाबा, या वयात सायकल? गाडी पाठवतो, आरामात जाऊन या. देवाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, "देवाला नसेल पडत. तुझ्या आईला पडेल."

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी निघालो. डोंबिवलीच्या कंपनीत तीस वर्षं जिच्यावर ड्युटी केली तीच काळी सायकल. खिशात एक कागद, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: नवसाचं मौन आहे, बोलणार नाही. आणि मनात एक वाक्य तयार. पाणी घालून मौन सुटलं की पहिल्या झटक्यात महादेवाला सुनवायचं, "माझी वाचा परत दिलीस आणि ऐकणारीच उचलून नेलीस. हा कुठला न्याय?" भक्ती वगैरे काही नव्हती. भांडायला चाललो होतो.

ज्याच्या तोंडात कायम शिवी, त्याला मौन म्हणजे काय, ते शहाडच्या पुलावर कळलं. एका डंपरनं इतकं घासून नेलं की हँडल थरथरलं. घशापर्यंत आलेली शिवी गिळली. म्हारळ, वरप, कांबा, सगळीकडे धूळ आणि हॉर्न. मागून पाचसहा जणांचं टोळकं आलं, महागड्या सायकली, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. "गुड मॉर्निंग अंकल! विंटेज सायकल का?" मी गप्प. एकजण पुढे जाता जाता म्हणाला, "खडूस आहे रे." मुलाचा फोन चार वेळा वाजला, उचलून काय करणार! रायत्याच्या पुलावर थांबलो तेव्हा जरा बरं वाटलं. खाली उल्हास नदी संथ, दोन्ही काठांना भाजीचे हिरवे वाफे. माझा सासरा सांगायचा, पूर्वी नाणेघाट उतरून बैलांचे तांडे याच बाजूनं कल्याणच्या बंदराला जायचे आणि वाटेत महादेवाला पाणी घालायचे. मला वाटलं, बैलसुद्धा माझ्यापेक्षा सुखी असतील, त्यांना निदान हंबरता यायचं.

गोवेली मागे टाकली. आता जेमतेम सहा किलोमीटर राहिले होते. आणि मागचं चाक बसलं. पंक्चर. आजूबाजूला दुकान नाही, झाड एकच, आणि त्या झाडाखाली भेंडी आणि मुळे घेऊन बसलेली एक साठीची बाई.

"आरं दादा, पंचर झाली वाटतं," ती म्हणाली. मी कागद पुढे केला. तिनं तो उलटासुलटा केला. "मला कुठं वाचता येतंय! बोलता येत नाय तुला? मुका हायेस?" मी ओठांवर बोट ठेवलं, वर आकाशाकडे दाखवलं, हात जोडले. त्याचा तिनं भलताच अर्थ लावला. "देवानंच तसं धाडलं काय? अरेरे." लगेच फोन काढून कुणाला तरी ओरडली, "ये रं लवकर पंचरचं सामान घेऊन. मुका म्हातारा हाय, बिचारा उन्हात उभा हाय." मुका! बिचारा! अंगाचा तिळपापड झाला, पण करतो काय? तिनं तांब्याभर पाणी दिलं, पोत्याची घडी पसरली. बसलो.

मग ती जी सुरू झाली! "तुझ्या बायकोनं पुण्य केलं असंल बघ. आमचा म्हातारा सकाळी तोंड उघडतो तो झोपल्यावरच मिटतो. मी काय बोलाया गेली का म्हणतो, तू गप, तुला काय कळतंय." मला वाटलं हिला सांगावं, बाई, तो तुझा म्हातारा म्हणजे मीच आहे. ती बोलत राहिली. सून, पाऊस, भेंडीवरची कीड, मेलेली गाय. अर्धा तास झाला असेल. सत्तरी ओलांडली, पण कुठल्या बाईचं इतकं बोलणं मध्ये न तोडता मी कधी ऐकलं नव्हतं. आधी वैताग आला. मग वैतागायचाही कंटाळा आला, आणि मी खरोखरच ऐकायला लागलो.

तेवढ्यात ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुला सांगते, तू काय कुणाला सांगाया जाणार नाय. आठ दिस झालं, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हतंय. डावा हात भरून येतो, घाम फुटतो. घरी सांगितलं तर म्हातारा म्हणतो, पित्त हाय, ओवा खा."

माझ्या हातातला तांब्या कलंडला. सुमननं मला हेच सांगितलं होतं. छातीवर दगड, डावा हात. मी टीव्हीवर बातम्या बघत होतो. नजर न हलवता म्हणालो होतो, "गॅस असेल, ओवा खा." ती डब्यातून ओवा घेऊन गेली. पुढे चार दिवसच होती. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

मी तिला खुणा करायला लागलो. छातीवर हात ठेवला, रस्त्याकडे बोट दाखवलं, सुई टोचल्यासारखं केलं. ती म्हणाली, "तुझ्या बी छातीत दुखतं? घे, ओवा हाय माझ्याकडं," आणि कनवटीची पुडी सोडायला लागली. तिच्या कपाळावर घाम होता. सावलीत बसून, मार्गशीर्षात. मी वर बघितलं आणि मनातल्या मनात महादेवाला म्हटलं, आत्ताच? सहा किलोमीटर राहिलेत. तासाभरानं भेटवली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? तो काय बोलणार! त्याचंही मौनच.

"बाई, फेक तो ओवा!" मी ओरडलो. "दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता. माझी बायको अशीच गेली."

तिनं पुडी टाकून दिली. मग दोन्ही हात जोडून रडायलाच लागली. "महादेवा! मुका बोलला! मुका बोलला रं!" नेमका त्याच वेळी पंक्चरवाला मोटारसायकलवरून आला. मी जीव तोडून सांगतोय की मी मुका नाही, माझा नवस होता. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "काकी, मौन होतं त्यांचं." तर ती त्याच्यावरच उसळली, "तू गप! देवानं माझ्यासाठी त्याचं तोंड उघडलं. देव म्हणतो जा, तर मी जाते." आणि खरंच त्याच्या मागे बसून गेली. मी नेहमीसारखा बोलता माणूस म्हणून तिला सांगितलं असतं, तर तिनं मला भेंडी विकून वाटेला लावलं असतं. यापुढे मी काही बोलत नाही. ज्याला जे वाटायचं ते वाटो.

मी मात्र अडकलो. सायकल पंक्चर, पंक्चरवाला गायब, समोर परक्या बाईची भाजी. दोन तास भेंडी राखत बसलो. एक गिऱ्हाईक तर माझ्याशी भावावरून भांडून गेलं. अखेर पंक्चरवाला आला. सरकारी दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली होती, आणि डॉक्टरनं लगेच ॲम्ब्युलन्स करून तिला ठाण्याला पाठवलं होतं. आणखी दोन दिवस काढले असते तर कठीण होतं, असं तिथले म्हणाले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, तेवढ्यात मी भेंडीचे पैसे त्याच्या खिशात घातले आणि माझा नंबरही दिला.

देवळात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गुरव माझ्याच वयाचा, वाती वळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मौन वाटेतच मोडलं. नवस बाद झाला का?" तो म्हणाला, "बाबा, मी गुरव आहे, वकील नाही. पाणी घाला आणि बसा."

पिंडीवर पाणी घातलं. आता बोलायची मुभा होती. भांडण तोंडपाठ होतं. तोंड उघडलं तर निघालं भलतंच. "ओवा खा म्हणालो होतो मी तिला," एवढंच. परत तेच, आणि परत तेच. किती वेळ तिथे बसलो होतो ते माहीत नाही. गुरवानं दिवा लावला, मला उठवलं नाही, काही विचारलंही नाही. दगडावरून पाणी ओघळून पन्हाळीतून नदीकडे जात होतं. मला वाटलं, ऐकलं यानं. उत्तर दिलं नाही, पण पुरतं ऐकलं. आजवर मी कुणासाठी जे केलं नाही ते.

नवस फिटला की नाही, मला ठाऊक नाही. फिटला नाही म्हणून परत सगळा रस्ता गप्प बसून यायला लावलं, तर येईन. सुमनचा जीव मोकळा झाला का, तेही महादेवालाच विचारा. आता ते मी त्याच्यावरच सोडलं. त्यानं त्या झाडापाशीच माझं चाक पंक्चर केलं, एवढे उपकार मी मानतो, आणि हे कबूल करताना मला जड जातं हेही लिहून ठेवतो.

ती बाई घरी आली, बरी आहे. पंक्चरवाल्याकडून माझा नंबर घेऊन दर सोमवारी मला फोन करते. म्हणते, "दादा, बोल की काहीतरी, तुझा आवाज ऐकायचाय." आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच अर्धा तास बोलते. मध्ये तोडावं असं मला दहा वेळा वाटतं. महादेवाचं नाव घेतो आणि ऐकत राहतो.