आम्ही मत न दिलेले डॉक्टर

परवा माझं मत घ्यायला निवडणुकीची माणसं घरी आली. म्हाताऱ्यांसाठी आता ही सोय आहे म्हणे... मी पलंगावर बसून थाटात मत दिलं आणि चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. ते गेल्यावर सत्तावन्न सालची निवडणूक आठवली, म्हणून हे लिहितेय.

मी तेव्हा गोंडपिपरीकडच्या जंगलातल्या एका गावात नवी सून होते. नुकतेच दिवस गेले होते. माझी मोठी जाऊ त्याच घरात बाळंतपणात गेलेली, त्यामुळे जीव मुठीत धरून होते...

दवाखाना नाल्यापलीकडे, तालुक्याला. तिथले डॉक्टर सायकलवर यायचे, नाल्यात पाणी असलं की सायकल खांद्यावर घ्यायचे. हिवतापात सासूबाईंना त्यांनीच वाचवलं होतं. तेव्हापासून देवाच्या खालोखाल डॉक्टरभाऊ!

तर हे डॉक्टर आमदारकीला उभे राहिले. एका माणसानं किती गावं फिरायची, गावात राहणारी नर्स हवी, असं काहीसं ते पारावर सांगत होते. सासूबाई मध्येच उठल्या.

"भाऊ, तुमी मुंबईले गेले आन् माही सून अडली, त कोन येईन? आमी नाई देत तुमाले मत."

मी लाजून पदरात तोंड लपवलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. गावानं माना डोलावल्या... आणि बोलल्याप्रमाणे केलंही. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. आमच्याकडची त्यांची पेटी जवळजवळ रिकामी निघाली.

तरी ते निवडून आले. बाकीच्या गावांना आमच्याएवढी अक्कल नव्हती, दुसरं काय! डॉक्टर मुंबईला गेले आणि सासूबाई माझ्या पोटाकडे बघून उसासे टाकू लागल्या.

पावसाळ्याआधी एक बैलगाडी आली. ट्रंक घेऊन नर्सबाई उतरल्या. सिरोंच्याकडच्या, तेलुगू वळणाचं मराठी बोलणाऱ्या. आम्हाला वाटलं, बाई गाव चुकल्या... मत दिलेली एवढी गावं सोडून आमच्याकडे कशा?

पाटलांनी विचारलंच. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब बोलले, त्या गावात एक पहिलटकरीण आहे. तिथूनच सुरू करा."

पोळ्याच्या सुमारास मला कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस, नाला दुथडी भरलेला... आणि बाळ आडवं. नर्सबाई दिवसभर माझ्यापासून हलल्या नाहीत. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी वाचलो.

सासूबाई दारात उभ्या राहून नाल्याचा आवाज ऐकत होत्या. मग आत येऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टरभाऊ मुंबईले नसते गेले, तरी आज त्या काठावरच रायले असते."

दिवाळीनंतर डॉक्टर गावात आले. कुणी वर बघेना... सगळ्यांनाच ती रिकामी पेटी आठवत होती. सासूबाई सरळ गेल्या आणि लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "भाऊ, आमच्या घरचं मत उशिरा आलं... पन आलं."

डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले.

ती लेक आता आजी झालीय. तिच्या घरी बारसं असलं की पाळण्याची दोरी हातात घेण्याआधी मी डॉक्टरभाऊंना आणि नर्सबाईंना मनोमन हात जोडते.