ओस्मोची दुर्बीण आणि माझा पायमोजा

माझा धाकटा भाऊ ओस्मो बहात्तर वर्षांचा आहे, आणि तो आजवर जेवढं बोललाय ते सगळं माझ्या कॉफीच्या डब्यात मावेल. तरुणपणी त्यानं जंगलात झाडं तोडली, पुढं रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली. लग्न केलं नाही. विचारायचं राहून गेलं, म्हणतो. आमच्या फिनलंडमध्ये असं बऱ्याच जणांचं राहून जातं.

त्याची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, दलदलीच्या काठची सात नंबरची जागा. ऑक्टोबरात गावाची टोळी मूसच्या शिकारीला निघते, तेव्हा गेली एकेचाळीस वर्षं ओस्मो तिथल्या बुंध्यावर वडलांची रायफल घेऊन बसतो. मूस हरणाच्या जातीचा, पण घोड्यापेक्षा उंच असतो, तरी झाडीत उभा राहिला की नाहीसाच होतो. ओस्मोला मात्र दिसायचा.

मग डोळे म्हातारे झाले. दर तीन वर्षांनी शिकाऱ्याला नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ताटाएवढ्या गोलात चार गोळ्या, चारही आत. वसंतात ओस्मोची एक आत गेली, तीन कुठं गेल्या ते देवाला ठाऊक. रायफलीच्या टोकाची नेम धरायची माशीच त्याला धड दिसेना.

टोळीचा म्होरक्या राउनो म्हणाला, "ओस्मो, सप्टेंबरात पुन्हा दे. जमलं तर सात नंबर तुझाच. नाही जमलं तर सुपाच्या कढईपाशी ये. गाजरं चिरायलाही माणूस लागतोच की."

 गाजरं ओस्मोला लागली. त्या आठवड्यात मी केलेल्या सुपातली गाजरं त्यानं ताटाच्या कडेला काढून ठेवली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी तो सौना, म्हणजे वाफेचं न्हाणं, उरकून माझ्याकडं कॉफीला आला, तर उजव्या भुवईवर ताजा अर्धचंद्र.

"कुणी मारलं रे?"

"दुर्बिणीनं."

थोडं थोडं करून काढून घेतलं. चूल दुरुस्त करून पेन्शनीतले दीडशे युरो उरले होते. ते घेऊन हा तालुक्याच्या शिकारी सामानाच्या दुकानात गेला. आमच्या माणसाला दुकानात काही विचारायचं म्हणजे चारचौघांत कपडे काढल्यासारखं वाटतं. त्यामुळं यानं काही न विचारता दीडशेत सगळ्यात मोठं जे खोकं मिळालं ते उचललं. चोवीस पट मोठं दाखवणारी, चकचकीत. घरी स्वतःच रायफलीवर बसवली, डोळ्याच्या फार जवळ. पहिल्याच बाराला रायफलीनं मागं धक्का दिला आणि दुर्बिणीनं भुवईचा मुका घेतला.

"आणि दिसलं काय?"

"केस."

"कसले केस?"

"राउनोच्या गायीचे. गाय कुठं संपते ते कळेना. शिवाय माझ्या छातीचा ठोका पडला की अख्खी गाय उडी मारायची."

"बंदुकीत गोळी नव्हती ना?"

"लेम्पी, बंदूक कशाला? बसवायच्या आधी नुसती दुर्बीण हातात होती."

परीक्षा शुक्रवारी होती. सोमवारी मी डोक्याला रुमाल बांधला आणि त्याला, दुर्बिणीला आणि रायफलीला घेऊन दुकानात गेले. मी शाळेत फार गेले नाही, पण विचारायची लाज मला कधी वाटली नाही. दुकानदारीण तार्या भली बाई. तिनं ती दुर्बीण उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर चरा नव्हता. चरा ओस्मोच्या कपाळावर होता.

"आजोबा, ही उघड्या माळावर, ऊन असताना ठीक. तुम्ही शिकार कुठं करता?"

ओस्मो बुटांकडं बघत राहिला.

"झाडीत, साठ-सत्तर पावलांवर, अंधारून आलेलं असताना," मी म्हणाले. "आणि पैसे तेवढेच. वर एक युरो मिळायचा नाही."

तार्यानं कपाटातून एक जुनी काढली. कुणीतरी वापरून विकलेली, नळीचा रंग उडालेला. चारच पट दाखवते, म्हणाली, पण काच चांगली आहे.

"चार?" ओस्मो पहिल्यांदा बोलला. "चोवीसच्या बदल्यात चार?"

दुकानातल्या दिव्याखाली दोन्हींतून सारखंच लख्ख दिसत होतं. दिव्याखाली बघून नवराही निवडू नये, तिथं दुर्बीण काय निवडायची? बाहेर पाऊस होता. दुकानामागच्या स्प्रूसच्या झाडांखाली भर दुपारी संध्याकाळ झालेली. मी डावा बूट काढला, पायमोजा काढला, बूट पुन्हा चढवला आणि सत्तर पावलं चालत जाऊन तो पायमोजा फांदीला टांगला.

"पट्टे किती ते सांग!" मी तिथूनच ओरडले.

"तीन. तू जन्मभर तीनच पट्टे विणतेस."

"आठवून सांगू नकोस, बघून सांग!"

त्यानं चोवीसवाली डोळ्याला लावली. "सगळं धुकं आहे. पायमोजा सापडतच नाही." मग चारवाली लावली. ती हळूहळू फांदीवरून फिरवत राहिला. माझा डावा पाय गारठून गेला.

"चार आहेत," तो म्हणाला. "खालचा फिकट आहे. लोकर संपली होती काय?"

"हो!"

"आणि अंगठ्यापाशी भोक आहे."

तार्या दारात उभी राहून हसत होती. तिनं अदलाबदल करून दिली. ओस्मोला रायफल खांद्याला लावायला सांगून, भुवईपासून चार बोटं अंतर ठेवून तिनं स्वतः दुर्बीण बसवली. शुक्रवारी परीक्षेत तीन गोळ्या गोलाच्या आत गेल्या आणि चौथी रेघेवर. राउनोनं वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"रेघ म्हणजे आतच," म्हणाला, आणि कागदावर सातपुढं ओस्मोचं नाव लिहिलं.

शिकारीच्या पहिल्या दिवशी ओस्मोनं गोळी झाडली नाही. संध्याकाळी माझ्याकडं आला आणि दोन कप कॉफी होईपर्यंत बोलत होता. चाळीस पावलांवर मादी येऊन उभी राहिली. नुसत्या डोळ्यांना एकटीच वाटली. दुर्बिणीतून पाहिलं तर तिच्या पायांमागं आणखी चार बारीक पाय. पिल्लाच्या आईला मारत नाहीत. दोघं निघून जाईपर्यंत तो बघत राहिला. तिच्या नाकावर पावसाचा थेंब होता, म्हणाला.

"एकेचाळीस वर्षांत असा थेंब कधी दिसला नव्हता?"

"नाही."

मग त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्या पायांकडं पाहिलं.

"तू ते भोक अजून शिवलं नाहीस."

मी त्याच्यापुढं सुपाचं ताट ठेवलं. त्यानं गाजरांसकट संपवलं.