आईचा रंग कालवताना

आई गेल्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, कवठे महांकाळच्या एका स्टुडिओत तिचा फोटो मोठा करायला टाकला. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो स्टुडिओवाला न सांगताच गोरा करून देतो. मागे निळा पडदा, गालांवर गुलाबी झाक, कपाळावर नवंकोरं कुंकू. आई उन्हात राबलेली, चांगली सावळी बाई. फोटोतली बाई उन्हात कधी उतरलीच नसावी. आत्या म्हणाली, "लय ग्वाड आलाय फोटू." मी उठून आत निघून गेले.

पुढे चित्रकला शिकायला सांगलीला आले, विश्रामबागेत खोली घेतली. खोलीत मी एकटीच. रविवारी तर दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. डोळे मिटले की आई यायची, पण फोटोतली, गोरी. मला भीतीच वाटायला लागली. खरा रंग डोळ्यांपुढून पुसून जायच्या आत आईला कागदावर उतरवायचं, असं मी ठरवलं.

पहिल्या प्रयत्नात फजिती झाली. सावळा रंग हवा म्हणून मी तपकिरीत काळा ओतला आणि आईच्या चेहऱ्याला राख फासल्यासारखी कळा आली. सर बघून म्हणाले, "काळ्याची बाटली महिनाभर कपाटात ठेव. रंग गडद करायचा तर त्याचा विरोधी रंग मिसळ." मग नारिंगीत थोडा निळा, तांबड्यात हिरव्याचा एखादा थेंब, असं सुरू केलं. गालाच्या हाडावर तांबूस, डोळ्यांखाली जांभळट, हनुवटीखाली चक्क हिरवट. सावळं म्हणून आपण एका शब्दात किती काय उरकतो! चेहऱ्यामागे मी राखाडी रंग दिला, कारण निळ्याशेजारी कातडी उगाच उजळ दिसते.

तरी नेमका रंग हाती लागेना. ट्यूबलाइटखाली जमलेला रंग सकाळी खिडकीशी नेला की भलताच निघायचा. पोस्टर कलर ओला असताना एक आणि वाळल्यावर दुसराच. शेवटी मी प्रत्येक मिश्रणाचा ठिपका स्वतःच्या मनगटावर लावून वाळू देऊ लागले. मी आईच्या रंगावर गेलेय, असं सगळे नाक मुरडून म्हणत आले होते. एका सकाळी वाळलेला ठिपका कातडीवर सापडेचना. मी एकटीच हसले आणि मग रडत बसले.

आईच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला चित्र एसटीने घरी नेलं.

"आगं बया! गेलेल्या मानसाला आसं काळं काढत्यात व्हय?" आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. मला आबांचं मत हवं होतं. त्यांची उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली, आई त्यांच्या वाट्याला सुट्टीपुरतीच आली. ते चित्र घेऊन दारात, उजेडात गेले. बराच वेळ बघत राहिले. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे.

"चांगलं काढलंयस," ते म्हणाले. "पर खरं सांगू का? मला आता फोटूतलीच दिसती. ही कोन हाय, वळखंना गं."

मी चित्र कागदात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सांगलीला परत आणलं. आईला तिच्या रंगानिशी ओळखणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि हे ज्याला सांगावं असंही कुणी नव्हतं.