आबांचा चंद्र
ताज्या ऑइलपेंटचा वास आला आणि मला तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या वाचनालयातली ती बैठक आठवली. दूरच्या एका ग्रहाभोवती नव्याने सापडलेल्या चंद्रांना शास्त्रज्ञ पुस्तकांतल्या पात्रांची नावं देणार, लोकांनीही सुचवावीत, अशी बातमी आली होती. आमची सगळी कपाटं वाचून संपवलेल्या सातवीतल्या मुलीने एका गोष्टीतल्या लंगड्या राजकन्येचं नाव आणलं होतं. आमचे अध्यक्ष आप्पा, त्यांनी ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "आमच्या वडलांचं, कैलासवासी आबांचं नाव धाडा." मी म्हणाले, "आप्पा, पुस्तकातलं पात्र लागतं." "मंग? आबांवर स्मरणिका छापली न्हाई व्हय आपण?" सगळ्या लाचार माना डोलल्या. चंद्राला अर्थातच ते नाव मिळालं नाही आणि ती मुलगी पुन्हा पुस्तक न्यायला आली नाही. आज वाचनालयाच्या नव्या मुतारीवर रंगारी आबांचं नाव रंगवत होता. या वेळी मी हरकत घेतली नाही.